गरिबीला माफी, पाट्या टाकण्याला नाही



 आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून मराठी माणसानं व्याख्यानात इतिहास ऐकला, अर्थकारण ऐकलं, अध्यात्म ऐकलं. आणि हा गृहस्थ भुताच्या सिनेमांवर बोलणार? तेही मोठ्या पैशाच्या नव्हे, तुटपुंज्या भांडवलावर काढलेल्या?

हो, त्यांच्यावरच बोलणार. कारण उघड आहे. आज या सभागृहात जितकी माणसं आहेत, जवळजवळ तितकीच चित्रपटगृहं तुमच्या खिशांत आहेत. रात्री जेवणं झाली की घरातलं पोरगं मोबाइल उघडतं, आणि काळ्या पाठीवर लाल अक्षरांत नाव, पांढरी साडी, मोकळे केस असं चित्र समोर येतं. एक नाही, पन्नास. मग प्रश्न पडतो, यातलं बघायचं कुठलं? स्वस्तात काढलेला भुताचा सिनेमा बघण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरवायचं कसं? दोन तास आपले जाणार असतात. शेतकऱ्याचे दोन तास, कामगाराचे दोन तास, अभ्यास करणाऱ्या मुलीचे दोन तास. त्यांना काही किंमत आहे की नाही?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला लवकर निघायचं असेल तर मोकळ्या मनानं निघता येईल. चित्रपट काढणाऱ्याच्या गरिबीला माफी द्यावी, पाट्या टाकण्याला देऊ नये. मुखवटा रबरी दिसतो? माफ. नट नवखे आहेत? माफ. घर एकच आहे, माणसं चारच आहेत? माफ. पण डोकं चालवलं नाही, मेहनत घेतली नाही, प्रेक्षकाला गृहीत धरलं, याला माफी नाही. आता ही गरिबी आणि या पाट्या एकमेकांपासून वेगळ्या ओळखायच्या कशा, यासाठी मी चार कसोट्या सांगणार आहे.

पण त्याआधी एक शंका. कमी पैशात काढायला लोकांना भुताचाच सिनेमा का सुचतो? ऐतिहासिक का नाही? ऐतिहासिक काढायचा तर घोडे लागतात, किल्ला लागतो, शेकडो माणसं लागतात. प्रेमकथा काढायची तर लोक विचारतात, हीरो कोण? भुताच्या सिनेमाला हे कुणी विचारत नाही. तिथं भीती हाच हीरो. अंधार फुकट मिळतो, आणि उभा न केलेला सेट त्या अंधारात खपून जातो. पडका वाडा भाड्यानं स्वस्त. म्हणून नव्या आणि खिसा रिकामा असलेल्या माणसाला हे दार नेहमीच किलकिलं दिसत आलं आहे.

आणि या दारातून आत गेलेल्यांनी काय काय केलं! अमेरिकेत 1968 साली जॉर्ज रोमेरो नावाच्या तरुणानं पिट्सबर्गच्या परिसरात मित्रमंडळी जमवून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. खर्च सव्वा लाख डॉलरच्याही आत. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप चाललं. 1978च्या ‘हॅलोवीन’मधल्या खुन्याचा तो प्रसिद्ध मुखवटा दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला आणि पांढरा रंगवलेला. 1999 साली आलेल्या ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये कॅमेरे नटांच्याच हातात दिले, त्यांना जंगलात सोडलं, आणि आठ दिवसांत चित्रीकरण आटोपलं. मूळ चित्रीकरणाचा खर्च साठ हजार डॉलरच्या घरात, जगभरची कमाई सुमारे 24 कोटी 80 लाख डॉलर. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ दिग्दर्शकानं स्वतःच्या घरात, पंधरा हजार डॉलरमध्ये चित्रित केला.

आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. हे जिंकलेल्यांचे आकडे आहेत. हरलेल्यांची यादी कुणी ठेवत नाही. कमी पैशात चांगलं होऊ शकतं एवढंच यातून सिद्ध होतं. कमी पैशातलं सगळंच चांगलं असतं, असं नाही.

आपल्याकडे हे दार ढकललं ते रामसे कुटुंबानं. फतेहचंद रामसे हे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले रेडिओचे दुकानदार. 1970 साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो पडला. पण मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट हेरली. पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून चोरीला शिरतात तो प्रसंग आला की प्रेक्षक सावरून बसतात. बाकीचा चित्रपट पडला, तेवढा प्रसंग उभा राहिला. मग पोरांनी ठरवलं, तेवढाच धरून का चालू नये? 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरला, खर्च सुमारे साडेतीन लाख. सात भाऊ, आणि कामं घरातच वाटलेली: कुणी लिहितो, कुणी दिग्दर्शन करतो, कुणी कॅमेरा धरतो, कुणी आवाज घेतो, कुणी संकलन करतो. पुढं ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’, ‘बंद दरवाजा’. शहरातल्या समीक्षकांनी नाकं मुरडली. जत्रेतल्या तंबूत मात्र बसायला जागा मिळत नव्हती. तंबू सिनेमा पाहिलेली पिढी इथं समोर बसलेली आहे. मी काय सांगतोय, ते त्यांना सांगावं लागणार नाही.

कमी पैशाचं काम म्हणजे कमी प्रतीचं काम, असा समज तुमच्या या पाबळात तरी नसावा. डॉ. कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून या गावात आले आणि 1983 साली विज्ञान आश्रम उभा राहिला. शाळेतून गळालेली पोरं इथं हातानं काम करत विज्ञान शिकली. तुमच्या गावाच्या नावाचा ‘पाबळ डोम’ झाला. 2002 साली फॅब लॅब आली, तीही आधी मुंबई-दिल्लीत नाही, इथं. त्यामुळे पैसे कमी असले की डोकं जास्त चालवावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तीच नजर सिनेमाला लावा, एवढंच माझं मागणं आहे.

आता पहिली कसोटी. तिला मी ‘झाकली मूठ’ म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण जणू भुताचे सिनेमे काढणाऱ्यांसाठीच घडवली असावी. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्यानं मूठ झाकून ठेवावी. प्रश्न इतकाच: त्याला ते कळलंय का?

1942 सालचा ‘कॅट पीपल’ घ्या. निर्माते व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर. कंपनीनं पैसे मोजकेच दिलेले. गोष्ट अशी की, आपण रागावलो की आपलं श्वापद होतं असं एका बाईला वाटतं. आता बाईचं श्वापद होताना दाखवायचं कसं? त्या काळी, तेवढ्या पैशात? त्यांनी दाखवलंच नाही. रात्रीची वेळ, बागेच्या भिंतीलगतचा रस्ता, मध्ये मध्ये दिव्यांचे खांब. एक तरुणी एकटी चालली आहे. टाचांचा आवाज. तिच्या मागून दुसरी येते आहे, तिच्याही टाचांचा आवाज. पुढची दिव्याखालून जाते, अंधारात शिरते, पुन्हा दिव्याखाली येते. आणि अचानक मागच्या टाचांचा आवाज थांबतो. बंद. पुढची वळून बघते. रस्ता रिकामा. ती पावलं उचलते, मग पळू लागते. आणि एकदम कानाशी फिस्सकन आवाज येतो. आपण खुर्चीत उडतो. काय असतं? बस! थांब्यावर येऊन उभी राहिलेली साधी प्रवासी बस, तिच्या ब्रेकचा आवाज. श्वापद नाही, रक्त नाही, मुखवटा नाही. खर्च किती? दोन नट्या, एक भिंत, एक बस. ऐंशी वर्षं उलटून गेली, अजून दिग्दर्शक या प्रसंगाची नक्कल करतात. पण बहुतेक जण फक्त फिस्सकन येणारा आवाज उचलतात. त्याआधी थांबलेल्या टाचा विसरतात. खरी भीती त्या थांबलेल्या टाचांत आहे, बसमध्ये नाही.

आपल्या भागाला हे वेगळं समजावून द्यायला नको. पाबळ-केंदूरचा पट्टा पाण्यासाठी झगडणारा. पण खाली घोड आणि भीमेच्या काठी उतरलात की ऊसच ऊस. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत त्या उसात बिबट्याचा वावर आहे. तिथली माय पोराला एकटं अंगणात सोडत नाही, रात्री मोटार चालू करायला जाणारा माणूस सोबत घेऊन जातो. ही भीती खरी आहे, तिच्यापायी माणसं गमावलेली घरं आहेत, आणि तिची करमणूक करायची नाही. तिच्यावर उपाय पिंजरा, गस्त, दिवे, शासनाची जबाबदारी. मी फक्त एवढंच सांगतो: दिसणाऱ्या बिबट्यापेक्षा न दिसणाऱ्या बिबट्यानं माणसाची झोप जास्त उडते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि हेच एका मराठी दिग्दर्शकाला नेमकं कळलं. 2017 साली विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ आला. पूजा सावंत यांनी केलेली नेहा ही आठ महिन्यांची गरोदर. नवऱ्यानं कर्ज करून ठेवलंय, सावकाराची माणसं मागावर आहेत, म्हणून जोडपं शहर सोडून उसाच्या मधोमध असलेल्या एका घरात लपायला जातं. घर एक. माणसं मोजकी. उषा नाईक यांची तुळसाबाई गरोदर बाईची सरबराई करते, आणि त्या मायेतच काहीतरी खुपत राहतं. बाकी सगळा ऊस. सिनेमावाल्यानं लाखो रुपये घालून चक्रव्यूहाचा सेट उभारला असता, तरी उसाच्या फडासारखा जमला नसता. उसात भर दुपारीसुद्धा चार हातांपलीकडचं दिसत नाही. पानं अंगाला कापतात. वारा आला की सगळा फड एकदम सळसळतो, आणि त्यात कुणाची पावलं असतील तर ती ओळखू येत नाहीत. आपल्या रोजच्या बघण्यातला ऊस, त्यालाच या माणसानं भुताचा वाडा केला! पैसे नव्हते म्हणून केला असेल? असेलही. पण सुचायला लागतं ना?

याच्या उलट उदाहरणंही घरचीच आहेत. रामसेंच्या चित्रपटांत पहिला तासभर कुरकुरणारी दारं, धुकं, पलित्यांचा उजेड, सावली यांनी मस्त वातावरण जमतं. मग राक्षस उजेडात येतो, कॅमेरा त्याच्या तोंडाला जाऊन भिडतो, मूठ उघडते, आणि आतला सव्वा लाख गायब होतो. पोरं हसायला लागतात.

मात्र एक अपवाद सांगतो, नाहीतर तुम्हीच मला सांगाल. ‘झपाटलेला’, 1993, महेश कोठारे. तात्या विंचू काही लपून बसत नाही. बाहुला राजरोस समोर येतो, बोलतो, पळतो. तरी चित्रपट लागला, अजून लागतो. का? बाहुल्यामागे रामदास पाध्यांचे हात होते, दिलीप प्रभावळकर होते, समोर लक्ष्मीकांत बेर्डे होते. कल्पना परदेशी बाहुल्याच्या चित्रपटावरून घेतलेली, पण बाहुला बोलू लागला तो अस्सल आपल्याकडच्या गुंडासारखा. म्हणजे मूठ उघडायला हरकत नाही, आत काही असलं तर.

दुसरी कसोटी कानांची. सिनेमा बघायचा म्हणतो आपण, पण भुताचा सिनेमा निम्मा ऐकायचा असतो. तुम्ही घाबरलात की डोळ्यांवर हात ठेवता, कानांवर कुणी ठेवतं का? डोळे मिटले तरी सिनेमा चालूच असतो. म्हणून कमी पैशाच्या चित्रपटाची खरी परीक्षा आवाजात होते.

पाट्या टाकणारा काय करतो? दार उघडलं, धडाम! मांजर गेलं, धडाम! मैत्रिणीनं खांद्यावर हात ठेवला, धडाम! माणूस दचकतो, कबूल. पण कुणीही पाठीमागून येऊन ताट वाजवलं तर दचकणारच. त्याला कला कशाला हवी? दचकणं क्षणाचं असतं, भीती मुक्कामाला येते. सिनेमा संपल्यावर परसात जाताना दिवा लावावासा वाटला, तर त्यानं भीती दिली. नाही वाटला, तर नुसता गोंगाट केला.

‘ब्लेअर विच’मध्ये तंबूत झोपलेल्या त्या तिघांना मध्यरात्री बाहेरून लहान मुलांचे आवाज ऐकू येतात. पडद्यावर काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही. मिट्ट अंधार आणि धापा. जंगलात रात्री लहान मूल का असावं, एवढा एकच प्रश्न डोक्यात सोडून दिला आणि काम झालं. एक करून बघा. कुठल्याही स्वस्तातल्या भुताच्या सिनेमाची पहिली दहा मिनिटं बघताना संगीताकडे लक्ष द्या. कुठे शांतता ठेवली आहे का? शांतता फुकट असते, पण ती ठेवायला धीर लागतो. ज्याला स्वतःच्या प्रसंगावर भरवसा नाही, तो ढोल बडवत राहतो.

तिसरी कसोटी: ही भीती कुणाची? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपण म्हणतो. पण प्रत्येक काळाचा, प्रत्येक गावाचा ब्रह्मराक्षस निराळा असतो. चांगला चित्रपट नेमका आपला ब्रह्मराक्षस ओळखतो.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये प्रेतं उठून येतात. बरं, मग? पण त्या घरात अडकलेल्या माणसांतला सर्वांत शहाणा, सर्वांत धीराचा माणूस कृष्णवर्णीय आहे. तो रात्रभर प्रेतांशी झुंजतो आणि सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्या बंदूकवाल्यांच्याच गोळीनं मरतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. हा चित्रपट बघणाऱ्या अमेरिकन माणसाला प्रेतांपेक्षा कशाची भीती वाटली असेल, सांगा!

‘लपाछपी’तली भीतीही नुसती भुताची नाही. पोटातल्या मुलीला जगू न देणाऱ्या घरांची आहे. ती भुतं कुठून आली, हे कळतं तेव्हा भुतांची भीती ओसरते आणि माणसांची सुरू होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करून आपल्याला इतकी वर्षं झाली, तरी दवाखान्यादवाखान्यात पाट्या लावाव्या लागतात. त्या पाट्या वाचून पुढे जाणारा माणूस या चित्रपटासमोर दोन तास बसतो. पुढं 2021 साली याच दिग्दर्शकानं तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून काढला. मराठीतला छोटा चित्रपट हिंदीनं उचलावा, असं काय होतं त्यात? स्टार नव्हते, पैसा नव्हता. खरी भीती होती.

‘तुंबाड’चं नाव घेतल्याशिवाय मला इथून जाऊ देणार नाही तुम्ही. राही अनिल बर्वे यांचा 2018चा चित्रपट. मुळाशी नारायण धारपांची गोष्ट, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलेलं, आणि वाडा म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यातला, सासवडचा पुरंदऱ्यांचा. त्याला अगदी कमी पैशाचा चित्रपट म्हणता येणार नाही; पण पैशाहून मोठी गोष्ट त्यानं खर्च केली, ती म्हणजे धीर. 2012 साली चित्रित केलेलं मनासारखं झालं नाही म्हणून 2015 साली पुन्हा चित्रीकरण केलं. त्यातलं भूत म्हणजे हाव. सोन्याची एक मोहर मिळाली की दुसरी हवी, आणि बाप मुलाला तेच शिकवतो. गुंठ्यांचे भाव वाढल्यावर भावकीत काय झालं, हे पाहिलेल्या पुणे जिल्ह्याला हे भूत परकं वाटायचं कारण नाही.

चौथी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या चित्रपटानं बळी कुणाचा घेतला? गोष्टीतला बळी मी म्हणत नाही. भीती निर्माण करण्यासाठी चित्रपटानं कुणाला वेठीला धरलं?

स्वस्तात भीती विकायची तर आयते बळी तयार असतात. विधवा बाई, मूल नसलेली बाई, वेडसर माणूस, कुबड असलेला नोकर, आदिवासी पाड्यावरचा भगत. दिसायला वेगळा म्हणून वाईट, एकटी म्हणून चेटकीण. रामसेंच्या चित्रपटांत न्हाणीघराचे प्रसंग कशासाठी यायचे, ते मी सांगत नाही. मुलंही बसली आहेत. पण विचारा स्वतःला, तिथं भीती विकली जात होती की आणखी काही?

तुमच्याच गावचा प्रश्न विचारतो. उद्या कुणी एक कॅमेरा आणि चार माणसं घेऊन पाबळात आला. म्हणाला, इथं मस्तानीची समाधी आहे, आपण भुताचा सिनेमा काढू. रात्री घुंगरांचा आवाज, पांढरं वस्त्र, पुरुषांना भुलवून नेणारी बाई. स्वस्तात होईल, चालेलही. तुम्ही काय म्हणाल? छत्रसालांची ही लेक बाजीरावांच्या आयुष्यात आली, जिवंतपणी तिला शनिवारवाड्याच्या राजकारणानं छळलं, पाबळ-केंदूरची जहागीर तिच्या नावाशी जोडली गेली, 1740 साली बाजीरावांपाठोपाठ तीही गेली, आणि तिचा मुलगा समशेर बहाद्दर 1761 साली पानिपतावर लढून कामी आला. अशा बाईला पुन्हा हडळ करायचं? ही गरिबी नाही, हा पाट्या टाकण्याचाही पुढचा प्रकार आहे. हा अन्याय आहे. तो चित्रपट कितीही घाबरवणारा असला तरी माझ्या हिशोबी नापास.

याच कसोटीचा दुसरा भाग मांत्रिकाचा. महाराष्ट्रात हे बोलताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव घेणं भाग आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी झाला. मग भुताचे सिनेमे बघणं हा त्यांच्या विचाराशी द्रोह आहे का? मला तसं वाटत नाही. धारप वाचणारा, मतकरींच्या गूढकथा वाचणारा मराठी वाचक दुसऱ्या दिवशी गंडादोरा बांधायला गेला नाही. कल्पनेतलं भूत पुस्तक मिटलं की मिटतं. पण चित्रपट जर शेवटी सांगत असेल की आजारी बाईला डॉक्टरकडे नेऊ नका, बाबाकडे न्या, आणि ती फटक्यांनी बरी होते, तर तो करमणूक करत नाही, जाहिरात करतो. 1976च्या ‘हा खेळ सावल्यांचा’नं पन्नास वर्षांपूर्वी भुताच्या मागचा माणूस शोधून दाखवला होता, तोही प्रेक्षकाला आधी पुरेसा घाबरवून. म्हणजे दोन्ही जमतं.

आता तुम्ही म्हणाल, अहो, एवढा विचार करायचा तर बघायचा कधी? दहा मिनिटांत बंद करावा की शेवटपर्यंत बसावं? यावर एक गोष्ट सांगतो. 2017 साली जपानमध्ये ‘वन कट ऑफ द डेड’ नावाचा चित्रपट निघाला. खर्च तीस लाख येन, म्हणजे चित्रपटाच्या हिशोबात चिल्लर. पहिली 37 मिनिटं एकाच सलग दृश्यात आहेत, आणि काय सांगू, इतकी गचाळ! नट मध्येच अडखळतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो, कुणीतरी उगाच काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. ज्यांनी तिथं बंद केला, ते फसले. कारण त्यानंतर कळतं की ती प्रत्येक चूक का झाली, पडद्यामागे त्या वेळी कोण धावत होतं, कुणाचं पोट बिघडलं होतं, कुणी कुणाच्या खांद्यावर उभं होतं. रात्र थोडी सोंगं फार, याचा इतका हसवणारा आणि कमी पैशात सिनेमा काढणाऱ्यांना इतका मानाचा मुजरा मी दुसरा पाहिलेला नाही.

म्हणून दिसायला गरीब आहे, एवढ्यावर चित्रपट बंद करू नका. बंद करा तो या खुणा दिसल्या की. तेच ते फसवं दचकवणं तिसऱ्यांदा आलं. शहाणी माणसं केवळ गोष्ट लांबवायला मूर्खासारखी वागू लागली. मध्येच असंबद्ध विनोद घुसला, जसा ‘पुराना मंदिर’मध्ये भुताला ताटकळत ठेवून ‘शोले’ची टिंगल सुरू होते. आणि दिग्दर्शक मुलाखतीत म्हणू लागला, पैसे नव्हते हो! नाचता येईना अंगण वाकडं. ल्यूटनकडे होते का? रोमेरोकडे होते का?

काही जण वाईट सिनेमाच हौसेनं बघतात. मित्र जमवायचे, भजी तळायची, आणि रबरी राक्षसावर हसायचं. बघा, खुशाल बघा. पण मग तो चांगला होता असं दुसऱ्याला सांगू नका. आणि घरात लहान मुलं असतील तर प्रमाणपत्राकडे लक्ष द्या. आता सेन्सॉर बोर्ड सात, तेरा आणि सोळा वर्षं अशा वयाच्या पायऱ्या देतं. त्या शोभेसाठी नाहीत. खरी भीती आधीच दाराशी असलेल्या गावात पोराच्या उशाला आणखी एक भीती ठेवताना आईबापानं विचार करावा.

थोडक्यात सांगायचं तर असं. मूठ झाकली आहे का, ते बघा. कानांसाठी काही सुचलं आहे का, ते ऐका. भीती खरी आणि आपली आहे का, ते विचारा. आणि कुणाचा बळी देऊन ती विकत घेतली आहे का, ते तपासा. चारपैकी तीन जमल्या तर रबरी मुखवट्यासकट चित्रपट बघण्याच्या लायकीचा. चौथी चुकली तर मात्र पहिल्या तीन जमूनही नाही.

शेवटी या गावातल्या तरुण मुलामुलींना एक विनंती. ज्यांनी ‘लपाछपी’ पाहिला नाही त्यांनी आधी तो बघावा. नंतर हातातला मोबाइल घ्यावा आणि दहा मिनिटांचा चित्रपट स्वतः काढावा, पाबळातलाच, पाबळच्याच खऱ्या भीतीवर: आटलेल्या विहिरीवर, रात्रीच्या वीजपाळीवर, फडाकडेच्या वाटेवर. खर्च होणार नाही. वाईट झाला तरी चालेल, पाट्या टाकून केलेला चालणार नाही. पुढच्या वर्षी याच सभागृहात व्याख्यानाच्या आधी तो दाखवावा, अशी सूचना मी संयोजकांना आत्ताच करून ठेवतो.